बातम्या लावून हेडफोन पारखणारे

त्यांचं नाव मी विचारलं नाही, याची आज थोडी लाज वाटते. महाडच्या बाजारात त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मामाने दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंगीत पट्टे येऊ लागले, आणि दोन दिवसांत प्रोजेक्ट द्यायचं होतं. बाबांनी सीपीयूचा डबा गोणपाटात गुंडाळून आमच्या कापडे गावाहून एसटीने आणला.

दुकानदार एका गिऱ्हाइकाचे हेडफोन लावून रेडिओवरच्या बातम्या ऐकत होते. "धमधम तर पिंपातूनही येते," ते त्याला म्हणाले. "माणसाचं बोलणं साफ येतं का, ते बघायचं."

मग त्यांनी आमचा डबा उघडला, आत बोट फिरवून हुंगलं. "चुलीजवळ ठेवला होता?"

"पावसाची ओल लागंल म्हणून हिच्या आईनं ठेवलान," बाबा ओशाळून म्हणाले.

त्यांनी पडद्यावर चित्र आणणारं ग्राफिक्स कार्ड काढलं आणि खोडरबरासह माझ्या हातात दिलं. "ही सोनेरी कड घास, बेटा. काजळी बसलीय. हळू."

"तुम्हीच करा. ती मोडंल," बाबा म्हणाले.

"मीच केलं तर पुढच्या पावसात परत ओझं उचलाल, चाचा."

मी कड जपून घासली. कार्ड बसवल्यावर पट्टे गेले.

परतीच्या एसटीत शेजारी बसलेल्या गावकऱ्याने डबा बघून विचारलं, "दुरुस्तीला मुंबईचा माणूस गाठलात काय?"

"नाय. आमच्या पोरीनं केलान."

मी त्या दुकानाचं सांगायला तोंड उघडलं, आणि बाबांचा खुललेला चेहरा बघून मिटलं.