ती उठेपर्यंत

लिओटा प्रुइटला ते काम मिळालं मेल्या त्या झग्यामुळे. एरवी हॉलिवूडात नायिकेच्या जागी पडायला केसांचा टोप चढवलेला पुरुषच असायचा. हा साटिनचा झगा मात्र कमरेपर्यंत पाठ उघडी टाकणारा, अंगाला चिकटलेला. त्यात पुरुषही मावेना आणि मार वाचवणारी गादीही. छत्तीस-सदतीस साल ते. नवऱ्याला तोंडावर गप्प करणाऱ्या, बड्या लोकांची फजिती करणाऱ्या नायिकांचं नुसतं पेव फुटलं होतं. बोलायची नटी, आपटायची लिओटा.

"आधीच कंबर धरून चालतेयस," शिवणकाम बघणारी बर्डी म्हणाली. "सरळ नाही म्हण की, पोरी."

"नाही म्हटलं की उद्या पुन्हा टोपवाला येईल. तू गप शीव."

जिन्यावरून घसरून खाली बँडवाल्यांच्या ढोलावर पडायचं होतं. मग नायक धावत येऊन तिला उचलणार. लिओटाच दिग्दर्शक क्रॉमींना म्हणाली, "नायिकेला कुणी कशाला उचलायला हवंय? स्वतः उठेल, झगा झटकेल आणि त्यालाच बाजूला ढकलेल."

क्रॉमी एकदम खूश. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "ती उठेपर्यंत कुणी हलायचं नाही."

लिओटा पडली. कमरेत काहीतरी कट्कन मोडलं. सगळे जागच्या जागी उभे. बर्डी पुढे निघाली, तर क्रॉमींनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. कॅमेरा चालूच होता. आता ओरडलं तर शॉट गेला, आणि पुढची कामंही गेली. लिओटा उठली. झगा झटकला, नायकाला ढकललं, तोऱ्यात चालत कॅमेऱ्याच्या नजरेआड गेली आणि तिथे कोसळली.

"पडून राहिली असतीस तर हाड जुळलं असतं," डॉक्टर म्हणाले. "उठलीस कशाला, बाई?"



सिनेमा लागला तेव्हा ती कुबड्या घेऊन बर्डीबरोबर गेली. नायिका ढोलावर आपटली तशी लोकांची हसून मुरकुंडी वळली. ती उठली तेव्हा बायकांनी टाळ्या पिटल्या. शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "बाई असावी तर अशी. कुणापुढे हात नाही पसरला." लिओटाला अभिमान वाटला, अगदी मनापासून वाटला, आणि लगेच रडूही आलं.

दिवे लागले. बर्डी गाडी बघायला बाहेर गेली. कुबड्या खुर्चीखाली लांब सरकल्या होत्या.

"अहो," लिओटा त्या बाईला म्हणाली, "जरा हात देता का? मला उठता येत नाही."