गाडीवर हाय, बोल

बारामती-इंदापूर रस्त्यावर आजवर जेवढे शब्द सांडले असतील, त्यांतले निम्मे तरी एकाच माणसाच्या तोंडचे आहेत, आणि तो माणूस माझा सख्खा थोरला चुलता आहे. गाव त्यांना तात्या म्हणतं, म्हणून मीही तात्याच म्हणते. कळंबच्या बाजूला आमची वस्ती. तिथली भेंडी, दोडका, ढोबळी मिरची पिकअपमध्ये भरून सकाळी बारामतीच्या मार्केटला पोचवायची आणि संध्याकाळी रिकामे क्रेट, कुणाची औषधं, कुणाची दुरुस्त झालेली पाण्याची मोटार घेऊन परत यायचं, हा त्यांचा धंदा. पण धंदा हे निमित्त. तात्या जन्माला आले ते फोनवर बोलायला, आणि बोलायला जागा हवी म्हणून त्यांनी गाडी घेतली, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात त्यांना बोलता येत नाही. काकूनं विचारलं, "मीठ बरोबर हाय का?" तर तात्या मान हलवतात, आणि ती होकाराची की नकाराची हे काकूला लग्नापासून आजतागायत कळलेलं नाही. तेच तात्या स्टिअरिंगवर बसले आणि पहिला गिअर पडला की त्यांना वाचा फुटते. फोन वाजतो, पलीकडे कोण आहे ते न बघताच तात्या म्हणतात, "गाडीवर हाय, बोल."

या वाक्याचा मला मनस्वी राग आहे. "गाडीवर आहे, नंतर बोल" असं म्हणणारा माणूस मी समजू शकते. आमच्या भागात मात्र 'गाडीवर हाय' हे आमंत्रण असतं. त्याचा अर्थ असा, की माणूस मोकळा आहे, दारं धरायला वाफ्यात उभा नाही, धार काढत नाही, बायकोसमोर बसलेला नाही, तेव्हा आता सावकाश बोला. ताशी साठ किलोमीटरनं लोखंड पळवणं हे आमच्याकडे काम धरतच नाहीत, ती विश्रांती असते.

तात्यांची तर ती मैफल असते. फोन कानाशी धरून हात अडकून पडतो म्हणून त्यांनी त्यावर तोड काढली होती. फोन कानाला लावायचा आणि वरून टॉवेल हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याची दाढ ठणकतेय. एकदा सणसरजवळ एका भल्या बाईनं गाडी थांबवून त्यांना खरंच लवंग दिली होती. हात असे मोकळे झाले की ते तंबाखू मळायच्या उपयोगाला येत, आणि गाडी गुडघ्यानं चाले. पलीकडच्याला आपण दिसत नाही, हे तात्यांना कधी पटलंच नाही. दोडका केवढा लांब निघाला हे सांगताना ते दोन्ही हात फाकून दाखवत. एकदा मी शेजारी बसले होते. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर डुलत येत होता, आणि नेमका तात्यांच्या मावसआजोबांचा फोन आला. आजोबा नव्वदीला टेकलेले. तात्यांनी दोन्ही हात जोडून, काचेकडे बघत, वाकून नमस्कार केला. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं आपल्यालाच केला. त्यानंही हात जोडले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत विनम्र क्षण होता आणि त्यात मी मरणार होते.

"तात्या, स्टिअरिंग धरा."

"अगं, वडीलधारं मानूस हाय. एका हातानं नमस्कार करू व्हय?"

एका माणसानं गाडी चालवता चालवता भाचीचं लग्न जमवल्याचं तुम्ही ऐकलंय का? तात्यांनी जमवलं. जंक्शन गावात स्थळ सुचलं, लासुर्ण्यात पसंती कळली, बेलवाडीला मानपानावरून मोडलं, आणि बारामतीत शिरताना तात्यांनी ते पुन्हा जोडून सुपारीचा दिवस धरला. लग्न चांगलं झालं, नवराबायको सुखात आहेत. त्या सकाळी रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या माणसांना आपण कशातून वाचलो हे कळलं नाही, एवढंच.

मी अक्षरं गिरवली ती पाटीवर कमी आणि पाणीवाटपाच्या आंदोलनातल्या पत्रकांवर जास्त, कारण आमच्या वडिलांनी ती गठ्ठ्यानं जपून ठेवली होती. त्यामुळे चूक दिसली की पत्रक काढायचं, ही सवय रक्तात आहे. गाडी चालवताना फोन बंद, असा ठराव ग्रामसभेत मांडायचा म्हणून मी पत्रक काढलं. कायदा आहे हे मलाही ठाऊक आहे, पण आमच्या वाकणावर, म्हणजे कालव्याच्या वळणावर, कायदा उभा राहायला येत नाही. म्हणून ठराव असा, की गावच्या शिवेत जो गाडीवर बोलताना दिसेल, त्याच्या गाडीची किल्ली संध्याकाळपर्यंत ग्रामपंचायतीत राहील.

त्या सभेत जी अक्कल पाजळली गेली, तिचा विचार करून आजही माझी कानशिलं तापतात. एक म्हणाला, "हातात धरू नये म्हना. खांद्यात धरला तर काय हरकत न्हाय." दुसऱ्यानं हेल्मेट आणलं होतं. मला बरं वाटलं, कोणीतरी हेल्मेट घेतं आहे. तर तो त्यात कानाशी फोन खोचून दाखवायला लागला, की बघा, कसा घट्ट बसतो. तिसऱ्याचं म्हणणं, फोनवर बोलल्यानं झोप लागत नाही, म्हणून अपघात टळतात. एका शिकलेल्या गृहस्थानं सांगितलं, की हा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे. मी म्हटलं, रस्त्यानं चालणाऱ्याला जिवंत घरी जायचं स्वातंत्र्य आहे की नाही? तेव्हा ते म्हणाले, "तू विषयाला फाटे फोडू नको." शेवटी सरपंच उठले. "माणसाचा जीव लाखमोलाचा," एवढं म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला. बोलून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना हात वर करायला लावून ठराव पास करून टाकला.

तात्या मागं भिंतीला टेकून बसले होते. घरातल्यासारखेच गप्प. कुणीतरी खोडी काढली, "काय तात्या, आता तुमचं दुकान बंद."

तात्या म्हणाले, "बंद करतो की. पर मला फोन कोन करतं, त्ये बी लिवा ठरावात."

सगळी सभा हसली. लिहिलं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गाडीत बारामतीला निघाले. तात्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला होता, डोक्याला बांधला नव्हता. मला अभिमान वाटला. लासुर्णं सोडलं आणि फोन वाजला. सरपंच.

"तात्या, आज भेंडीचं काय व्हईल ओ?"

"सरपंच, काल ठराव झाला न्हवं?"

"त्यो गावाच्या शिवंत. तुमी आता लासुर्ण्याच्या फुडं असाल की."

मग व्यक्तिस्वातंत्र्यवाले गृहस्थ. मग हेल्मेटवाला. बारामती येईपर्यंत, काल ज्यांनी ज्यांनी हात वर केला होता त्यांचे फोन आले, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, "कुठं पोचला?" तात्यांनी सणसरपर्यंत एकेकाला दोन शब्दांत तोडून तग धरला. मग टॉवेल डोक्याला बांधला. मी कडाडून बोलले. ते म्हणाले, "न्हाय उचलला तर लोकास्नी वाटतं, गाडी पलटी झाली. उचलला तर तुला वाटतं, आता व्हईल. म्या करू काय?"

फोन करणाऱ्यांत एक शालनकाकू होती. आमच्या शेजारची, नवरा गेलेला, एकुलती मुलगी आरती. आरती शाळेतून सायकलनं कालव्याच्या रस्त्यानं येते, दोन्ही बाजूंना डोक्यावर ऊस. शाळा सुटायची वेळ झाली की काकूचा जीव खालीवर होई आणि ती तात्यांना फोन लावी, "तात्या, आमची आरती दिसली का वो?" तात्या सांगत, "दिसली. चिंचंपाशी हाय." किंवा, "मैत्रिनीसंगं ऊस खात बसलीय, दामटू का?" मुलीवर नजर ठेवणारा एक माणूस त्या रस्त्यावर रोज असतो, याच आधारावर काकूनं तिला शाळेत पुढं ठेवली होती.

दिवाळीनंतर, उसाची वाहनं सुरू झाल्यावर, एका संध्याकाळी कालव्याच्या वाकणावर तात्यांच्या गाडीचा आरतीच्या सायकलला धक्का बसला. पोरगी रस्त्याकडेच्या चारीत पडली. हात मोडला, कपाळाला टाके पडले. तात्यांनीच तिला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मार आत मेंदूपर्यंत गेला नाही म्हणून वाचली.

आणि मग गावाला तत्त्वं आठवली. चावडीसमोर लोक जमले. भेंडीचा भाव विचारणारे, कुठं पोचला विचारणारे, सगळे एका सुरात तात्यांवर तुटून पडले. "किती येळा सांगितलं, फोन नगं म्हनून." हे हेल्मेटवाला म्हणत होता. सरपंचांनी सुचवलं, की गावानं यापुढे तात्यांच्या गाडीत माल देऊ नये. तात्यांचं घर त्या गाडीवर चालतं. ते मान खाली घालून उभे होते, टॉवेल हातात.

तात्यांची बाजू घ्यायला मी उठले नव्हते. चूक त्यांची होती आणि ती मी त्यांच्या तोंडावर सांगितली होती. पण हा दांभिकपणा माझ्यानं बघवेना. मला खात्री होती, की फोन सरपंचांचाच असणार. मी विचारलं, "तात्या, त्या वेळी फोन कुणाचा होता? सांगा सगळ्यांसमोर."

तात्या म्हणाले, "त्ये इचारायचं न्हाय."

"का नाही? फोनला दोन टोकं असतात."

"उचलला म्या. गाडी माझ्या हातात हुती. बास."

मी अजून चिडले. सरपंच कपाळावरचा घाम पुसत होते, त्यामुळे मला जोर आला. मी पुन्हा विचारणार, एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून शालनकाकू पुढं आली. मुलीचा हात गळ्यात बांधलेला, आणि हिचा चेहरा रात्रंदिवस रडून सुजलेला. सगळ्यांना वाटलं, आता ही तात्यांच्या कानाखाली काढणार.

"माझा हुता फोन," ती म्हणाली.

सरपंचांनी घाम पुसलेला रुमाल खिशात घातला.

"म्या इचारलं, आरती दिसली का. तात्या म्हनलं, ही काय, फुडंच हाय तुझी आरती. आन मंग बिरेक ऐकू आला. समदं ऐकलं म्या. पोरगी वराडल्याली बी." मग ती सरपंचांकडे वळली. "गाडी बंद करायची तर करा. पर मंग माझा बी फोन घ्या काढून. तुमचा बी घ्या."

तात्या पहिल्यांदाच वर बघून म्हणाले, "शालन, तू घरी जा, बाय." तिच्यासाठीच ते तोंड मिटून होते, हे तेव्हा मला कळलं.

त्याच रात्री मी पत्रकात ओळ घातली: गाडीवर आहे हे कळूनही जो बोलत राहतो, तोही तितकाच जबाबदार. पुढच्या सभेत ती ओळ वाचली, तर सरपंच म्हणाले, "फोन करनं बी गुन्हा हाय व्हय आता?" आणि विषय पुढं ढकलला. तो अजून पुढंच आहे. तात्यांवरचा बहिष्कार मात्र कुणी ठराव न करताच अमलात आला. बरीचशी भेंडी आता दुसऱ्या पिकअपमधून जाते. तो पोरगा पहिल्या रिंगला फोन उचलतो म्हणून लोक खूश आहेत. मी त्याच्यासाठीही पत्रक छापलं. त्यानं ते काचेवर ऊन लागू नये म्हणून लावलं आहे.

तात्यांच्या गाडीत अजून काही घरांचा माल जातो, त्यात शालनकाकूचा दोडका असतो. निघताना तात्या फोन मागं क्रेटमध्ये ताडपत्रीखाली टाकतात. गाडीत ते आता घरातल्यासारखेच गप्प असतात. मी हे मागून घेतलेलं आहे, ठणकावून मागितलेलं आहे, आणि उद्याही मागेन. तरी लासुर्णं ते सणसर हा पट्टा पूर्वी इतका लांब नव्हता. भाचीचं लग्न मोडून पुन्हा जुळवणारा तो आवाज कुठं गेला, म्हणून मी अधूनमधून त्यांच्याकडे बघते. ते रस्त्याकडे बघत असतात. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

परवा येताना कालव्याच्या रस्त्याला आरती पुढं सायकलवर दिसली. हात बरा झालाय. तात्यांनी गाडी हळू केली आणि तिच्या मागं तशीच ठेवली, सायकलच्या वेगानं. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न बडवून बडवून दमला, एका दुचाकीवाल्यानं खांद्यात फोन धरलेल्या मानेनंच आम्हाला शिवी दिली. तात्यांनी वाकण सरेपर्यंत वाट दिली नाही. वस्तीच्या फाट्यावर शालनकाकू उभी होती. हल्ली ती रोज तिथं येऊन उभी राहते, रिकाम्या हातांनी. मागं ताडपत्रीखाली फोन वाजत होता. आरती वळून फाट्यात शिरली तेव्हा काकूनं गाडीकडे बघितलं.

तात्यांनी मान हलवली. ती कशाची, हे शालनकाकूला कळलं.