पेन निवड समिती

आमच्या गावात मला सगळे बाई म्हणतात. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यातली बरीचशी मुलांची अक्षरं सुधारण्यात गेली आणि सुधारली ती मोजकीच. तरीही निवृत्तीनंतर एक कीर्ती उरली : बाईंना पेनातलं कळतं. ती मीच पसरवली होती. कुणाच्या खिशाला शाईचं पेन दिसलं की मी ते मागून घ्यायचे, टोपण काढून निब उजेडाकडे धरायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ मी कधी सांगितला नाही, त्यामुळे माणसं त्याला घाबरून असत.

मागच्या वर्षी एप्रिल संपताना मुख्याध्यापकांचा फोन आला. घरी ते चांगलं मालवणी बोलतात, पण शाळेच्या कामाचं असलं की बातम्या वाचतात.

"बाई, शाळेने हस्ताक्षर सुधार उपक्रम हाती घेतलेला आहे. जूनपासून पाचवी ते दहावीचे सर्व विद्यार्थी शाईच्या पेनाने लिहितील. पेनांसाठी देणगीदार लाभलेले आहेत. आपण निवड समितीत यावं."

"समितीत अजून कोण?"

"मी आणि देणगीदार."

"आणि मी नाही आले तर?"

"तर मी आणि देणगीदार."

एवढी धमकी पुरेशी होती. मी गेले.

देणगीदार माझाच जुना विद्यार्थी. देवबागला त्याचा होमस्टे आहे आणि पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायचा जोडधंदा. शाळेत असताना 'क्ष' काढताना तो दर वेळी वेगळ्या बाजूला वळायचा. आता त्याची सगळी लिखापढी मोबाइलवर चालते, त्यामुळे 'क्ष'चा प्रश्न त्याच्यापुरता मिटला आहे.

बैठकीला मी टीचरलाही बरोबर नेलं. टीचर म्हणजे माझी शेजारीण. ती याच शाळेत इंग्रजी शिकवायची. आमच्याकडे ख्रिस्ती बाई शिकवायला आली की ती टीचर होते आणि बाकीच्या बाईच राहतात. समितीत ती नव्हती. उन्हातून एकटीने कुठे जा, हे कारण मी सांगितलं. खरं कारण असं, की माझी पारख बघायला कुणी तरी समजणारं माणूस हवं होतं.

मालवणच्या बाजारातल्या स्टेशनरीवाल्याने पाच तऱ्हेची पेनं पाठवली होती. सगळी स्वस्तातली. एक जाड, काळं, चकचकीत क्लिपचं. एक आरपार दिसणारं, आत शाई हेलकावताना दिसावी असं. एक सोनेरी पट्ट्यांचं, लग्नाला निघाल्यासारखं. एक निळं, साधं. आणि एक हिरवं, कडक प्लॅस्टिकचं, ज्याच्याकडे बघून ते पाठवणाऱ्यालाच लाज वाटली असावी, कारण ते खोक्यात सगळ्यांत खाली होतं.

देणगीदाराने एकही पेन उघडलं नाही. प्रत्येकाची नळी फक्त बोटाने चाचपली. "बाई, हेच्यार नाव छापूक गावतला मा? आनी बाजूक एक डॉल्फिन?"

मुख्याध्यापकांनी पाचही पेनांनी स्वतःची सही केली. सही अशी, की तिच्यात एक रेघ आणि दोन टिंबं, बाकी सगळा आत्मविश्वास. ती कुठल्याही पेनाने सारखीच आली असती, खडूनेसुद्धा. "सर्वच उत्तम आहेत," ते म्हणाले.

मग मी चष्मा बदलला. प्रत्येक निबेची चीर सरळ आहे का ते पाहिलं. निबेखालची जीभ घट्ट बसली आहे का, हे नखाने ढकलून पाहिलं. टोपणाचे आटे किती फेऱ्यांत बसतात ते मोजलं. शाई भरून पेन उलटं धरलं, ठिबकतं का बघायला. टोपण काढून ठेवलं, चहा प्यायले, आणि चहानंतर पहिल्या फटक्यात उमटतं का ते बघितलं. शेवटी घरून नेलेल्या जाड कागदावर आठाचे आकडे गिरवले, रेघ कुठे तुटते का बघायला. हे सगळं करताना मी बोलत होते, आणि माझ्या बोलण्यात 'ओघ', 'धार', 'कागदाशी नातं' असले शब्द येत होते. मुख्याध्यापक ते टिपून घेत होते, त्यामुळे मला आणखी सुचत होते.

निळं पेन लोण्यासारखं चाललं. रेघ ओली, भरदार. हिरवं मात्र कागदाला ओरबाडत होतं, रेघही बारीक.

"हे पेन नव्हे," मी म्हणाले. "हा खिळा आहे."

सगळे हसले. टीचर हसली नाही. ती इतका वेळ मागच्या बाकावर बसून पाचही पेनांनी तिच्या बाजाराची यादी लिहीत होती, एका जुन्या वहीच्या पातळ पानावर. उठताना तिने विचारलं, "हो खिळो कोणाक नको आसात तर मी न्हेव?"

"ने गो," मी म्हणाले. अगदी उदारपणे.

जूनमध्ये पेनं वाटली गेली. निळ्या नळीवर होमस्टेचं नाव आणि उडी मारणारा डॉल्फिन. व्यासपीठावर मी 'अक्षर आणि चारित्र्य' यावर बोलले. चारित्र्याचा आणि निबेचा संबंध काय, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, पण टाळ्या पडल्या.

जुलैत एका दुपारी मुख्याध्यापकांनी शिपायाबरोबर सात वह्या पाठवल्या. चिठ्ठी नव्हती. पहिली वही उघडली आणि मला वाटलं, ही पाण्यात पडली असणार. दुसरीही तशीच. प्रत्येक अक्षराला मिशा फुटल्या होत्या. काना आणि मात्रा एकमेकांत मिसळल्या होत्या. अनुस्वार वाटाण्याएवढे. पान उलटलं तर मागे सगळं उलटं उमटलेलं, आणि त्याच्यावरच पोरांनी पुढचा धडा लिहिलेला.

मी आधी वह्यांना दोष दिला. मग शाईला. मग आईबापांना, की यांना मुलांसाठी बरा कागद घेता येत नाही. मग माझं निळं पेन घेऊन त्याच वहीच्या कोऱ्या पानावर माझं नाव लिहिलं, तीस वर्षं फळ्यावर मिरवलेल्या अक्षरात. पान दमट होतं, आमच्याकडे जुलैत सगळंच असतं तसं. डोळ्यांदेखत नाव फुगलं.

मी वही घेऊन टीचरकडे गेले. ती ओट्यावर बसून कसली तरी यादी करत होती. चर्चच्या फेस्ताच्या जेवणाची असावी. हातात हिरवा खिळा. वहीचं पान तसलंच पातळ, तसलंच दमट. आणि अक्षर बारीक, स्वच्छ, जागच्या जागी.

"ह्या फुटना नाय?" मी विचारलं.

"खंयसून फुटतला? निब बारीक आसा. शाय मापात देता. पावसाळ्यात असलाच व्हया."

"तुला हे मेमध्येच माहीत होतं?"

"म्हायत होता."

"मग बोलली का नाहीस?"

ती यादीवरून वर न बघता म्हणाली, "तू इचारलंस खंय? तू तर भाषण करी होतंस."

मला राग आला. तिचा नव्हे, हे कळायला घरी पोचावं लागलं. सगळ्या चाचण्या मी उन्हाळ्यात केल्या होत्या, कडकडीत कोरड्या जाड कागदावर. ज्या गावात चार महिने मिठाला पाणी सुटतं, त्या गावाचं पेन निवडताना मी कागदाशी नातं वगैरे बोलले होते. कुठल्या कागदाशी, हे विचारलंच नव्हतं.

त्या शनिवारी पालकसभा होती. मासे विकणारी एक आई उठली, मुलीची वही उघडून सगळ्यांना दाखवली. "बगा. ह्या पानार लिवलेला त्या पानार वाचूक येता. ह्या पानार मातर कायेक वाचूक गावना नाय."

मुख्याध्यापक म्हणाले, "पालकांनी वह्या कोरड्या जागी ठेवाव्यात."

"खंयची कोरडी जागा, सर? दाखवा. आमीपन थंयच ऱ्हवाक येतंव."

वर्ग खदखदून हसला. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वह्यांच्या दर्जावर काही तरी बोलावं, अशी त्यांची अपेक्षा दिसली. मी उभी राहिले तेव्हा तेच बोलणार होते. वाक्य तयार होतं. पण टीचर दाराशी छत्री झटकत उभी होती, आणि तिच्यादेखत ते वाक्य तोंडातून निघेना.

"पेन मी निवडलं," मी म्हणाले. "चुकीचं निवडलं. निब जाड आहे, इथल्या हवेत चालणार नाही. पोरांची चूक नाही आणि वह्यांचीही नाही."

 त्या खोलीत चूक कबूल करायचा प्रघात नव्हता, त्यामुळे पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुख्याध्यापकांनी टिपून घेण्यासाठी काढलेलं पेन परत खिशात ठेवलं. देणगीदार तेवढा कळवळला. "बाई, ह्या माका मे म्हयन्यात सांगूचा होता. आता डॉल्फिन छापून झालो!"

डॉल्फिनला धक्का न लावता मार्ग निघाला, तोही टीचरकडून. या स्वस्तातल्या पेनांची निब आणि जीभ नुसती दाबून बसवलेली असते. ओढली की निघते, आणि हिरव्या पेनाची निब निळ्यात चपखल बसते. तिने हे घरी आधीच करून पाहिलं होतं, आणि या वेळी तिला कुणी तरी विचारलं. विचारणारी ती मासेवालीच होती. देणगीदाराने बारीक निबांचा डबा आणला आणि टीचर आणि मी तिच्या ओट्यावर बसलो.

चार दुपारी लागल्या. फडक्यात धरून जुनी निब ओढायची, जीभ धुवायची, नवी निब तिच्यावर मधोमध ठेवून आत दाबायची. पहिल्या दिवशी मी तीन निबा वाकवल्या. टीचरने एकही नाही. मी पुन्हा निबेच्या धारेविषयी बोलू लागले, तेव्हा ती म्हणाली, "गप ऱ्हव आनी दाब."

दोघींची बोटं निळी झाली ती साबणाने हटेनात. रविवारी टीचर चर्चमध्ये मिसाला गेली तेव्हा पाद्रींनी तिच्या बोटांकडे बघून विचारलं, "मतदान कधी झालं?" हे तिने मला तीन वेळा सांगितलं.

पेनं परत वाटली. काही तोवर हरवलीच होती, काहींची टोपणं चावून सपाट झाली होती. उरलेली अजून चालतात, पावसातसुद्धा. सप्टेंबरमध्ये मुख्याध्यापकांनी पुन्हा वह्या पाठवल्या, या वेळी अभिमानाने. मी एकेक पान उलटत गेले. शाई कुठेच पसरलेली नव्हती. रेघ बारीक, स्वच्छ, जागच्या जागी. जुलैत मिशांखाली झाकलेलं पोरांचं अक्षर आता अगदी नीट वाचता येत होतं, आणि ते भयंकर होतं.