मलावीत ऐकलेली साक्ष

विमानतळाची टॅक्सी चेंबूरच्या आमच्या बिल्डिंगखाली येऊन थांबली, तेव्हा आई दुखरे गुडघे सांभाळत लिफ्टपर्यंत आली. "रिटायर झालीस ना? मग आता कुणाचा न्याय करायला चाललीस?" तिनं विचारलं. न्याय करायला नाही, शिकवायला चाललेय, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "का? तिथली माणसं शिकलेली नाहीत?" घाटकोपरहून सोडायला आलेली माझी धाकटी बहीण सुनीता हसली. मला हसू आलं नाही. बाबांनी वाशिमकडचं गाव सोडून माहुलच्या कारखान्यात नोकरी धरली तेव्हा ते विशीत होते. मी केस पांढरे झाल्यावर निघाले होते, आणि तेही नकाशात शोधाव्या लागलेल्या, आफ्रिकेतल्या मलावीला.

हे वाचणाऱ्या तुमच्यातले जे दुबईला, टोरांटोला गेलात, त्यांना कामानं बोलावलं. मलाही कामानंच बोलावलं. सेशन्स कोर्टातली शेवटची वर्षं मी न्यायाधीश म्हणून मुलांचे खटले चालवले. तिथं साक्ष देणाऱ्या मुलाला आरोपी दिसत नाही, आणि वकिलाचा प्रश्न न्यायाधीश स्वतः सोप्या शब्दांत विचारतो. हे मलावीतल्या न्यायाधीशांना शिकायचं होतं.

मी हौसेनं स्लाइड्स नेल्या होत्या. वेगळी खोली, कॅमेरा, स्क्रीन. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. चहाच्या वेळी न्यायाधीश चिसोमो माझ्या शेजारी येऊन बसली. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान. "अमायी," ती म्हणाली. तिकडे बाईमाणसाला मानानं असंच म्हणतात, आई. "माझ्याकडे खोली नाही, कॅमेरा नाही, वीजसुद्धा रोज नसते. पण पुढच्या आठवड्यात एक लहान मुलगी साक्षीला येणार आहे. सांगा, काय करू?"

त्या मुलीचं नाव थोको. जमिनीच्या भांडणात काकानं तिच्या आईला जिवे मारलं, ते तिनं एकटीनं पाहिलं होतं. दुसरा साक्षीदार नव्हता. आधीच्या एका खटल्यात उंच पिंजऱ्यात उभं केलेलं मूल आरोपीला बघून गप्प झालं होतं आणि आरोपी सुटला होता. चिसोमोला ते विसरता येत नव्हतं.

चिसोमोच्या तळ्याकाठच्या छोट्या कोर्टात आम्ही दोघी बाकं सरकवत बसलो. बाजारातून जाड कापड आणलं, शिंप्याकडून दुहेरी शिवून घेतलं आणि आरोपीसमोर पडदा टांगला. बचावाच्या वकिलानं हरकत घेतली. चिसोमोनं त्याचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि ठरवलं की वकिलाला मुलगी दिसेल, आरोपीला तिचा शब्द न् शब्द ऐकू येईल, तेवढं पुरे.

साक्षीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. चिसोमोनं डोक्यावरचा न्यायाधीशाचा पांढऱ्या केसांचा टोप काढला, झगा काढला आणि खाली येऊन मुलीसमोर बुटक्या खुर्चीवर बसली. थोकोच्या मागे तिची आजी. माझ्या शेजारचा कारकून हळू आवाजात मला इंग्रजीत सांगत होता. मुलीनं पडद्याकडे बोट करून विचारलं, तो तिथं आहे का? मी असते तर बहुतेक विषय बदलला असता.

"आहे," चिसोमो म्हणाली. "त्याला तू दिसत नाहीस. पण ऐकू येतं."

थोको पडद्याकडे वळली.

"मग मी मोठ्यानं सांगते," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. बाहेर व्हरांड्यातल्या माणसांचं बोलणं थांबलं. हे तुला आजीनं पढवलं का, हा वकिलाचा प्रश्न चिसोमोनं तिला विचारला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आजी तिथं नव्हती. मी होते." साक्ष संपली आणि ती आजीच्या मांडीवर तिथंच झोपून गेली. चिसोमोनं कोर्ट उठवलं, पण कुणी उठेना. इतकी वर्षं मी साक्षी लिहून घेतल्या, पण असं अंगावर काटा येऊन बसून राहिले नव्हते.

काकाला शिक्षा झाली. थोको आजीकडे वाढतेय. इतर गावांच्या कोर्टांतूनही न्यायाधीश तो पडदा बघायला येऊ लागले, आणि माझं ठरलेलं एक वर्ष संपत आलं तेव्हा त्यांनी मला आणखी राहायची विनंती केली. मी आईला फोन केला. तिनं थोकोची सगळी हकीकत ऐकली. मग म्हणाली, "राहा तू. माझ्याकडे सुनीता आहे."

आता मी दुपारी मक्याच्या पिठाची न्सिमा हातानं खाते आणि पोटभर जेवल्यासारखं वाटतं. सुट्टीत चेंबूरला आले की माझ्या तोंडून सारखं "आमच्या कोर्टात" असं येतं. परवा सुनीतानं टोकलं, "कुठलं गं आमचं? इथलं की तिथलं?" तोवर मला वाटत होतं, मी मुंबईच्याच कोर्टाबद्दल बोलतेय.