मजुरीचा शेर

मी एकच शेर मोजला. दुसरा समोरच होता.

नव्वदीची सुरुवात होती. आमचे सर जिल्ह्यातल्या शेतमजुरीचा इतिहास लिहीत होते आणि मी त्यांच्या हाताखालचा विद्यार्थी होतो. पूर्वी मजुरी धान्यात मिळे, शेरानं मोजून. त्या शेरात नेमका किती जोंधळा मावत होता, हे सरांना हवं होतं. माणूस पोटभर जेवत होता की नाही, ते त्यावरून ठरणार होतं. "राजाचं नाव नंतर. आधी विचारा, चुलीवर काय शिजलं?" असं ते वर्गात म्हणायचे.

मी हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावी गेलो. थोरल्या चुलत्यांनी कोठीतून जुना लोखंडी शेर काढून दिला. मी तो जोंधळ्यानं भरून तागडीत तोलला. कोपऱ्यात तसलाच आणखी एक पालथा पडला होता, जरा ठेंगणा.

"ह्यो कसला?"

"त्यो गड्यास्नी द्यायचा. शेरच म्हणायचं त्येलाबी." मग माझ्याकडं बघून हसले. "का? आमास्नी पुस्तकात घालतोस व्हय? ऊठ, जेव. रस्सा निवतोय."

मी उठलो आणि जेवलो. कोल्हापुरात आल्यावर सरांना एकच वजन दिलं.

सर स्वतः मजुराच्या घरातले. छप्पन्न साली बौद्ध झालेलं घर, आमच्या शेजारच्याच गावचं. त्यांची आई आयुष्यभर सांगत आली होती की आम्हाला द्यायचा शेर मारलेला, मापाला लहान असायचा. माझा आकडा सरांनी वहीत उतरवून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे आई चुकते. भुकेल्या माणसाला माप लहानच दिसत असणार."

आणि त्यांनी तसंच छापलं. मजुरी बेताची होती, पण पोटापुरती होती. आईच्या शब्दापेक्षा पुरावा मोठा मानणारा इतिहासकार म्हणून त्यांचं कौतुक झालं. पुस्तक एम.ए.ला लागलं. त्यांची पद्धत शिकलेली पोरं राज्यभर गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांना चुलीबद्दल विचारू लागली. हे सगळं खरंच मोठं होतं. पण त्याबरोबर ते एक वाक्यही हिंडत राहिलं.

एकदा कॉलेजसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. एक बागायतदार मजुरीवरून वाद घालणाऱ्या सरांच्या एका विद्यार्थ्याला म्हणाला, "उगं गळा काढू नका. तुमच्याच सरांनी लिवलंय की! पोटापुरतं मिळत हुतं. इचारा, हितंच हाईत."

पोरगा सरांकडं बघू लागला. सरांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला आणि चालू लागले. मी मागोमाग गेलो. फाटकापर्यंत तोंडात वाक्य तयार होतं. पण तोवर मला त्यांच्याच शिफारशीनं नोकरी लागली होती आणि चुलते हयात होते. मी म्हणालो, "सर, ऊन फार आहे, रिक्षा बघतो."

पुढं चुलते गेले, तरी मी बोललो नाही. एवढ्या उशिरा कसं सांगायचं, हे नवं कारण सापडलं होतं.

सर दोन हजार सालानंतर काही वर्षांनी गेले, आईच्या आधी. शोकसभेत सगळे पुस्तकातल्या त्या मजुरीच्या प्रकरणाबद्दल बोलले. मीही बोललो, आणि बरं बोललो. सभेनंतर सरांच्या घरी गेलो तर त्यांच्या आई कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सरांचा विद्यार्थी, असं कुणीतरी सांगितलं.

"लई शिकला माझा ल्योक," त्या म्हणाल्या. "मला आपलं वाटायचं, शेर ल्हान हुता. पर त्येनं तपासलं न्हवं? मग माजंच चुकत आसंल. शेवटाला दवाखान्यात त्येला म्हटलं, बाळा, तुजंच खरं. तर रडाय लागला. का रडला, कुणास ठावं."

मी खाली फरशीवर बसलो. "आई, शेर लहानच होता," मी हळू म्हणालो.

त्यांना कमी ऐकू यायचं. "आँ? काय म्हंतोस?"

मग मला ते मोठ्यानं म्हणावं लागलं. आतल्या खोलीतल्या बायका बोलायच्या थांबल्या.

"शेर लहान होता, आई. आमच्याच घरात होता. मी डोळ्यांनी बघितला आणि सरांना सांगितलं नाही. तुमचं चुकलं नव्हतं. त्यांचंही नाही. मी लपवलं. मला माफ करा."