एका शब्दाच्या चिठ्ठ्या

शेजारच्या कोशमावशी घराघरांतल्या कुरबुरी चिठ्ठ्यांवर टिपून नेतात, अशी आवई आमच्या जिन्यात उठली. साफ खोटी. खात्रीने सांगतो, कारण उठवली मीच होती. जिन्यातल्या चहाड्यांचा मक्ता माझ्याकडे असताना दुसरं कुणी कागद-पेन्सिल घेऊन फिरावं, हे मला सोसवेना.

खरी गोष्ट अशी. मावशींनी तीस वर्षं शब्दकोशाच्या कचेरीत चिठ्ठ्या लिहिल्या. आपल्या बोलण्यात रुळलेले इंग्रजी शब्द त्यांच्या वाट्याला. शेवटचा मिळाला ‘लाइन’. कचेरीचा नियम कडक: अर्थ विचारून घ्यायचा नाही, माणूस आपणहून बोलेल तेव्हाच टिपायचा. म्हणून मावशी कुणाकडेही जाऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर वाट बघत बसायच्या. सुतार म्हणाला, "रंगकाम ही आपली लाइन नव्हे," की एक चिठ्ठी. त्याच्या बायकोने दवाखान्यातल्या लाइनीला शिव्या घातल्या, की दुसरी. पोरींवर लाइन मारणाऱ्या भाच्याला आत्याने झोडपलं, ती तिसरी. मूळ शब्द जवसाच्या धाग्याचा, असं त्या सांगत. "धागा ताणला की रेघ, माणसं ताटकळली की रांग."

माझी आवई मात्र जोरात चालली. सुताराच्या बायकोने मावशींना दारातूनच सांगितलं, "आज जरा गडबड आहे हं." दुसऱ्या दिवशीही गडबड. आठवडाभर अख्खा जिना गडबडीत. भिंतीपलीकडून मला मावशींचा एवढाच आवाज येई: कप विसळल्याचा. एकच कप.

मग मलाच अन्न गोड लागेना. दारोदार जाऊन ‘माझीच जीभ घसरली’ म्हणून कान धरले आणि शेवटी मावशींकडे गेलो. त्यांनी एकुलती खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि स्वतः उभ्या राहिल्या. टेबलावर जाडजूड कोश होता. सहज उघडला. ‘लाइन’, सव्वीस अर्थ, अगदी जवसाच्या धाग्यासकट. छपाईचं साल पाहिलं, तर चार वर्षांपूर्वीचं.

"अहो मावशी, कोश कधीचा छापून झालाय! मग अजून चिठ्ठ्या कसल्या लिहीत फिरता?"

मावशी म्हणाल्या, "तुला कुणाच्याही घरी जाऊन बसायला कारण लागत नाही. मला लागतं."