रहीमचाचांचा लाल फोन

लगीनसराई उरकली की बँडवाल्याला काम न्हाई, आन काम न्हाई म्हणून तोंडाला आराम न्हाई. वसमतला आमच्या बँडच्या खोलीत येऊन बसा. चहा संपतो, किस्से संपत न्हाईत. त्यातले निम्मे एकट्या रहीमचाचांच्या फोनचे. चाचा आमचे गायक, मी क्लॅरिनेटवाला.

*

फोन दिसायला लई देखणा. लालभडक, कडेला गाण्याची चंदेरी बटणं, मागं दोन स्पीकर. वारंगा फाट्यावर हॉटेलात चाचांनी टेबलावर ठेवून गाणं लावलं, तर रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला मान डोलवायला लागला!

आमचे बँडमालक म्हणाले, "चाचा, फोन आणला का नवरी?"

"नवरी एवढं गोड बोलते का हो?"

*

पण एक खोट व्हती. गाणं गावभर ऐकू जाय, अन् समोरचा काय बोलतो ते कानाला लावून बी कळंना! चाचा आपले सगळ्यालाच "व्हय, बराबर" म्हणायचे.

पुसेगावच्या एका लग्नाच्या दिवशी सकाळीच तिकडून फोन आला. चाचा म्हणाले, "व्हय, बराबर, येतो!" आमी वाजतगाजत दारात गेलो, तर आत बाया रडून राहिल्या. नवरदेवाचा आजा पहाटे गेला व्हता. लग्न पुढं ढकललं, येऊ नका, हे सांगायला तो फोन व्हता!

आमी वाद्यं काखेत मारून माघारी वळलो. नवरदेव डोळे पुसत म्हणाला, "आलाच आहात तर चला. आज्याला बँडची लई हौस व्हती."

वरातीच्या झगमगत्या कोटात आमी तिरडीपुढं वाजवत गेलो.

*

साथीचं संगीत त्याच फोनमधी, म्हणून वरातीत तो गाडीवरच्या मोठ्या स्पीकरला जोडलेला असायचा. एकदा ऐन नाचात गाणं बंद पडून रिंग वाजली. चाचा फोन कापायला गेले आन घाईत हिरवं बटण दाबलं. साऱ्या वरातीनं चाचीचा आवाज ऐकला, "अजी, आते वक्त मूळव्याध की गोली लाना!"

नवरदेव घोड्यावरून पडता पडता वाचला.

*

मग चाचांच्या गळ्यात गाठ निघाली. गुटखा, दुसरं काय! नांदेडच्या डॉक्टरानं सांगितलं, ऑपरेशननं जीव वाचंल, आवाज न्हाई. जायच्या आधी चाचांनी खोलीचं दार लावून त्याच फोनमधी आपलं गाणं भरलं. आमी बाहेर उभे राहून ऐकलं. कुणी कुणाकडं बघितलं न्हाई.

परत आल्यावर मालक म्हणाले, "चाचा, तुमी निसतं तोंड हलवा." फोन गायचा, चाचा माईक धरून ओठ हलवायचे. आवाज एवढा साफ की कुणाला कळायचं न्हाई. एका लग्नात एक पाहुणा गळ्यातच पडला, "चाचा, आवाज अजून खणखणीत हाय बरं का!"

चाचा हसले. माझ्याच्यानं मात्र पुढं फुंकर मारवंना.

*

पुढं फोनमधी गुलाल शिरला. गाण्याची बटणं गेली, गाणं लागंना. दुकानदार म्हणाला, "दुरुस्त करतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल." चाचांनी फोन त्याच्या हातातून हिसकावूनच घेतला.

नशीब, ते गाणं रिंगटोनला लावून ठेवलेलं व्हतं. मग काय, भर वरातीत मीच चाचांना फोन लावायचो! रिंग स्पीकरवर वाजायची, चाचा ओठ हलवायचे. रिंग संपून गाणं मधीच तुटलं की ढोलवाला जागा भरायचा, तवर मी पुन्हा लावायचो. लोक म्हणायचे, चाचा ताना लई तोडून घेतात!

*

चाचा यंदा गेले. फोन चाचीकडं राहिला. मालक रोज तिची खुशाली विचारायला फोन लावायचे, ती उचलंना. मी लावला, ढोलवाल्यानं लावला. न्हाईच! मालक चिडले, "आमी काय वाईट केलं तिचं? जाऊन बघ जरा."

मी गेलो. दाराशी उभा राहून पुन्हा लावला, आन आतून चाचांचा आवाज आला. दार उघडं व्हतं. चाची खाटंवर बसलेली, फोन मांडीवर. गाणं तुटेपर्यंत ती हालली न्हाई.

"चाची, काहून उचलत न्हाई? आमी सगळे काळजी करून राहिलो."

तिनं पदरानं फोन पुसला.

"उठाई तो चुप हो जाते ना वो."

मी बाहेर आलो, चपला घातल्या आन पुन्हा फोन लावला.